दिवा लागला नाही

दि. ४ ऑगस्ट

श्री. व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही गाडी आणून दिलीत त्याला महिना होत आला आणि आभाराचं पत्र आत्ता लिहितोय, त्याबद्दल आधी कान पकडतो. फोन करणार होतो, पण तुमच्या दुकानात फोन लावला की पलीकडून माणसापेक्षा हातोडाच जास्त बोलतो. शिवाय उभी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात झाली. जे सांगायचं ते लिहून द्यायचं, ही सवय काही सुटत नाही.

गाडी शेडमध्ये दिमाखात उभी आहे. येणारा-जाणारा फाटकाशी थबकतोच. काल समोरचे दातांचे डॉक्टर चष्मा पुसून पुसून बघत होते. म्हणाले, "चालते का हो?" मी म्हटलं, "व्याही कोण आहेत माझे!"

निवृत्तीला लोक भिंतीवरचं घड्याळ देतात. तुम्ही आपल्या जन्माच्या आधीची गाडी भंगारातून उचलून, दोन वर्षं खपून, उभी करून दिलीत. त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर गाडीच्या शेपटाला बसलेला माणूस आता पुढे बसणार." ते वाक्य गल्लीत अजून फिरतंय. तुमच्याबरोबर मागच्या सीटवर बसून आलेले वस्तादही आठवतात. डायनामोचं आतलं तारांचं वायंडिंग त्यांनीच भरलंय असं तुम्ही सांगितलंत. सगळे आत गप्पा मारत होते तेव्हा ते बॉनेट उघडून डायनामोवर तळहात टेकवून उभे होते. चहा निवून गेला त्यांचा.

एक बारीक तक्रार आहे. बॅटरी उतरते. रोज संध्याकाळी गाडी चालू करतो. चार-आठ दिवसांत स्टार्टर कण्हायला लागतो आणि मग हूं की चूं करत नाही. स्टँडामागचा बॅटरीवाला दोनदा चार्ज करून देऊन गेला. घाई मुळीच नाही. डिसेंबरातल्या जुन्या गाड्यांच्या फेरीला अवकाश आहे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

आपला,
व्याही


दि. ९ ऑगस्ट

गार्डसाहेब, नमस्कार.

पुढच्या वर्षी कशाला? फेरीत गाडीचं नाव घातलं, चालक म्हणून तुमचं नाव घातलं, माझ्या लेकीनं आणि तुमच्या लेकानं शहरातून यायला रजाही टाकली. तुम्ही गाडी चालवणार, शेजारी मी ऐटीत बसणार, मागे पोरं आणि विहीणबाई. आता तुम्ही पुढच्या वर्षी म्हणालात तर लेक मला सोडेल का?

आता बॅटरीचं ऐका. बॅटरी बिचारी नुसती साठवण करते. कमावता आहे तो डायनामो. इंजिन फिरलं की पट्ट्यानं तो फिरतो, वीज करतो आणि बॅटरीत घालतो. पण हा जुना डायनामो मोठा आळशी. गाडी उभ्या-उभ्या गुरगुरत असली तर तो एक पैचं काम करत नाही. चाकं पळायला लागली की मगच हात हलवतो. त्यामुळे मला सांगा, तुम्ही रोज किती चालवता? गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वळवून आणत असाल तर दोष गाडीचा नाही.

एक करा. मोकळ्या रस्त्यावर काढा, तिसऱ्या गिअरमध्ये घाला, दिवे बंद ठेवा आणि डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरकडे बघा. तो छोटा गोल, ज्याच्या एका बाजूला प्लस आहे, दुसऱ्या बाजूला मायनस. काटा कुठे जातो ते लिहा. तुम्ही तरुणपणी अशीच एक चालवायचात, लग्नात सांगितलं होतंत, त्यामुळे तुम्हाला जास्त शिकवत नाही.

पट्टाही अंगठ्यानं दाबून बघा. अर्धा इंच दबला की ठीक.

तुमचा,
व्याही


दि. १६ ऑगस्ट

श्री. व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

सूचनेप्रमाणे तपासणी केली. पट्टा अंगठ्यानं अर्धा इंच दबतो.

गाडी रोज संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत नेतो आणि आणतो. तिसऱ्या गिअरमध्ये, दिवे बंद असताना, अ‍ॅमीटरचा काटा मधोमध असतो. तो प्लसकडेही हलत नाही आणि मायनसकडेही.

आमच्या सौ. म्हणतात, गाडी शेडमध्येच फार शोभून दिसते. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.

आपला,
व्याही


दि. २१ ऑगस्ट

गार्डसाहेब, नमस्कार.

विहीणबाईंना म्हणावं, शोभेची वस्तू हवी होती तर पितळी दिवा दिला असता.

काटा मधोमध म्हणजे बॅटरीत काहीच जात नाही. म्हणजे एक तर डायनामो वीज करत नाही, नाहीतर करतोय पण मधला कटआउट नावाचा स्विच ती पुढे सोडत नाही. मी स्वतः गाडी चालवत तुमच्या दारापर्यंत आणली तेव्हा चार्जिंग व्यवस्थित होतं, त्यामुळे मी जरा चक्रावलोय. मला इंजिनाच्या आवाजावरून सिलिंडर सांगता येतो. गिऱ्हाईक दारात "नमस्कार" म्हणालं की कळतं, हा गाडी विकायला आलाय की दुरुस्तीला. पण कागदावर आवाज येत नाही ना.

खरा चोर कोण ते एका दिव्यानं कळतं. इंजिन बंद असताना डायनामोच्या मागच्या दोन वायरी काढा. जिथून काढल्या ते दोन्ही स्क्रू तारेच्या एका तुकड्यानं जोडा. गाडीचाच एक बल्ब घ्या, त्याचं एक टोक त्या तारेला आणि दुसरं गाडीच्या उघड्या लोखंडाला. मग इंजिन सावकाश चालू ठेवा, रेस देऊ नका. दिवा लागला तर डायनामो ठणठणीत आहे आणि दोष कटआउटचा. कटआउट बाजारातून आणलेला आहे, दुसरा पाठवतो, विषय संपला. दिवा लागला नाही तर डायनामोचं पोट बिघडलं. पोट वस्तादांनी भरलंय.

वस्तादांचा डायनामो जाईल असं मला वाटत नाही. मी पान्हे धुवायचो तेव्हापासून ते या धंद्यात आहेत. दुकान माझं झालं, पण वायंडिंगच्या टेबलापाशी गेलो की मी आजही आवाज खाली करतो. कालच त्यांना सांगितलं, गार्डसाहेबांकडे काटा हलत नाही म्हणे. ते हसले. म्हणाले, कटआउट बघा मालक.

विहीणबाईंना बल्ब धरायला लावा. भीतीचं काही नाही, एवढ्या विजेनं मुंगीलाही झटका बसत नाही.

तुमचा,
व्याही


दि. २ सप्टेंबर

श्री. व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

दोन दिवस अंगात कणकण होती म्हणून उत्तरास विलंब झाला.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलं. दिवा लागला नाही.

एवढ्यासाठी कुणाला त्रास देऊ नये ही विनंती. गाडी आहे तशी राहू दे. फेरीत आपण सगळे प्रेक्षक म्हणून गेलो तरी मजाच येईल.

आपला,
व्याही


दि. ११ सप्टेंबर

गार्डसाहेब, नमस्कार.

दुसरा डायनामो आज ट्रान्सपोर्टनं सोडलाय. हा दुसऱ्या दुकानातून तयार घेतला. बॅटरीवाल्याकडून बसवून घ्या आणि जुना त्याच खोक्यात घालून माझ्याकडे पाठवा. प्रेक्षक वगैरे काही नाही. गाडी फेरीत पळणार.

आता जे झालं ते सांगतो. न सांगताही चाललं असतं, पण घरात सांगण्यासारखं नाही, दुकानात सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून तुम्हालाच लिहितो.

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकान भरलेलं होतं. फेरीचे आयोजकही बसले होते. मी त्यांना नुकतंच सांगत होतो की आमच्याकडून गेलेली गाडी परत येत नाही. पत्र उघडलं आणि "दिवा लागला नाही" वाचून माझं डोकंच फिरलं. माझ्या व्याह्याच्या दारात, माझ्या लेकीच्या सासरी, माझ्या हातची गाडी मेलेली. मी पत्र हातात घेऊन वायंडिंगच्या टेबलाशी गेलो आणि नको ते बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. म्हणालो, डोळ्यांना दिसत नसेल तर सांग, तार भरतोयस की गोधडी शिवतोयस? पोरं हसली. आयोजकांतला एक जण हसला.

वस्ताद उलटून बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, ते भांडले असते, संध्याकाळी चहा झाला असता. ते हातातली तार खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. बोटं हल्ली कापतात. कुणाला सांगितलं नव्हतं." टेबल पुसलं, कात्री, पक्कड, पट्ट्या सगळं जागच्या जागी लावलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. निरोप पाठवला तर उत्तर आलं, आता हे काम माझं नाही.

मला वाईट वाटतंय, पण चुकीला चूक म्हणायलाच हवं की नाही? बोटं कापतात हे आधी सांगायला नको?

नवा डायनामो बसला की काटा काय म्हणतो ते कळवा.

तुमचा,
व्याही


दि. १९ सप्टेंबर

श्री. व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यापासून जेवणावर वासना नाही. वस्तादांना इतकं बोलायला नको होतं. एका डायनामोसाठी कुणी माणूस घालवतं का? त्यांना परत बोलवा, माझ्यासाठी म्हणून बोलवा. वाटल्यास मी त्यांना पत्र लिहितो. एखाद्या कामात होतं उणं-अधिक.

नवा डायनामो बॅटरीवाल्यानं बसवला. जुना खोक्यात घालून परत पाठवला आहे. आता गाडी उत्तम चालते. काल पुलापर्यंत नेली. तिसऱ्या गिअरमध्ये काटा प्लसकडे आठवर जातो आणि तिथेच राहतो. परवाही आठ, कालही आठ. बॅटरी भरलेली आहे. तेव्हा सगळं नीट झालं. आता हा विषय मिटवावा आणि वस्तादांना परत आणावं, ही हात जोडून विनंती.

आपला,
व्याही


दि. २७ सप्टेंबर

श्री. व्याही यांस,

तुमचं पत्र येऊन तीन दिवस झाले. तीन वेळा लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंत, काटा प्लसकडे आठ. त्या गाडीत हे होऊ शकत नाही. का होऊ शकत नाही ते मला सांगावं लागेल आणि सांगायची लाज वाटते.

जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजचे दिवे-हॉर्न बसवायला सोपं जावं म्हणून मी तो उलटा केला, मायनस बॉडीला घेतला. असं केलं की अ‍ॅमीटरच्या मागच्या दोन वायरीही अदलाबदल कराव्या लागतात. शिकाऊ पोराचं काम आहे ते. मी विसरलो. तुमच्याकडे गाडी घेऊन येताना मोकळ्या रस्त्यावर काटा मायनसकडे गेला तेव्हा लक्षात आलं. चार्जिंग छान होत होतं, काटा मात्र उलटं सांगत होता. तुमच्या दारात सगळे स्वागताला उभे होते. तिथे डॅशबोर्ड उघडून बसणं मला बरं दिसलं नाही. म्हटलं, फेरीच्या वेळी कुणाच्या नकळत बदलून टाकू. कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

म्हणजे त्या गाडीत चार्जिंग होत असलं की काटा मायनसकडे जातो. प्लसकडे जातो तो फक्त गाडी उभी ठेवून दिवे लावले तर. प्लसकडे आठ हा आकडा गाडीबरोबर दिलेल्या माहितीपुस्तकात आहे. तुम्ही तो तिथून घेतलात.

मग मी टेबलाखालचं खोकं बाहेर काढलं. तुम्ही पाठवलेला डायनामो त्यात तसाच होता. आल्यापासून मी ते उघडलं नव्हतं. वस्तादांच्या हातचं काम नासलेलं बघायचं धाडस नव्हतं म्हणा. त्याच्या मागच्या दोन स्क्रूंवरचा लाखेचा ठिपका शाबूत होता. गाडी देताना वस्ताद तो लावतात, कुणी स्क्रू फिरवला की फुटतो. बॅटरीवाल्यानं वायरी स्क्रूपासून काढायच्या ऐवजी पक्कडीनं कापल्या होत्या, त्यामुळे ठिपके वाचले. तुम्ही वायरी काढल्याच नव्हत्या. दिवा लावूनच पाहिला नव्हता.

डायनामो यंत्रावर चढवला आणि बल्ब जोडला. दिवा लागला. असा लागला की पोरं हातातलं काम सोडून बघायला लागली. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी तुमच्या शब्दावर मी एका माणसाचा त्याच्या स्वतःच्या बोटांवरचा विश्वास उडवला. त्यानं ते मान्यही केलं, व्याहीबुवा. माझ्या ओरडण्यापेक्षा मला ते जास्त लागतंय. चूक नसताना त्याला पटलं की चूक आपलीच. वस्ताद आता पुतण्याच्या बांगड्यांच्या दुकानात डबे उघडून देत बसतात.

तुम्ही गाडी चालवलीच नाहीत, एवढं मला कळलं. का, ते कळत नाही. माझ्याशी काही वाकडं असेल तर तेही लिहा.

व्याही


दि. १२ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

नमस्कार लिहायची लाज वाटते, म्हणून थेट लिहितो.

मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती.

लग्नात तुमची ती लाल गाडी मांडवाबाहेर उभी होती. तुमच्याकडचे सगळे यंत्रांतले. कुणी इंजिनाबद्दल बोलतंय, कुणी गिअरबद्दल. मी मुलाचा बाप, बोलायला काहीच नाही. बॉनेटवर हात फिरवून म्हणालो, तरुणपणी अशीच एक चालवायचो. सहज निघून गेलं तोंडून. तुम्ही इतके खूश झालात की मागे घेता आलं नाही. रेल्वेत होतो म्हटलं की लोकांना वाटतं, याला सगळं चालवता येतं. मी आयुष्यभर हिरवा झेंडा दाखवला, व्याहीबुवा. गाडी दुसऱ्यानं चालवली.

मग तुम्ही गाडीच घेऊन आलात.

रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बसायचो, इंजिन चालू करायचो, दिवे लावायचो, म्हणजे गल्लीत आवाज जाईल, उजेड दिसेल. अर्ध्या तासानं बंद करायचो. बॅटरी उतरायची. ती तक्रार खरी होती. ती लिहिताना मला ठाऊक नव्हतं की उभ्या गाडीत ती उतरणारच. तुमच्या पहिल्याच पत्रात तुम्ही ते लिहिलंत. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी गाडी कालव्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत नेली. कागदावर.

दिव्याचं वाचून बॉनेट उघडलं होतं. बघत उभा राहिलो. वायरींना हात लावायची छाती झाली नाही. दिवा लागला लिहिलं असतं तर तुम्ही कटआउट पाठवला असता, गाडी दुरुस्त झाली असती, आणि मला चालवावी लागली असती. लागला नाही लिहिलं की गाडी पडून राहील असं वाटलं. तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलं होतंत की पोट वस्तादांनी भरलंय. मी ते वाचलं होतं. वाचूनच लिहिलं. मला वाटलं, यंत्राला दोष लागेल. यंत्र कुणाच्या तरी हातचं असतं, हा विचार त्या वेळी मी केला नाही. नंतर झाकायला गेलो आणि प्लसकडे आठ लिहून त्यांच्यावर आणखी एक शिक्का मारला.

फोन मुद्दाम टाळत होतो. तुमच्या कानांना घाबरून.

आमच्या सौ. पहिल्या दिवसापासून सगळं जाणतात. तुमचं मागचं पत्र त्यांनी माझ्या हातून घेऊन वाचलं. नंतर एकच वाक्य बोलल्या. "पत्रानं बिघडवलंत, आता पायांनी जा."

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतो. ज्या दुकानात तुम्ही त्यांना बोललात त्याच दुकानात, त्याच पोरांसमोर मला उभं राहायचं आहे. आयोजकांनाही बोलवता आलं तर बोलवा. सूनबाईंना आधी कळवू नका. त्यांना मीच सांगेन.

व्याही


दि. २३ ऑक्टोबर

गार्डसाहेब, नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं लेकीकडून कळलं. तुम्ही तिला सांगितलंत तेही कळलं.  ती फोनवर म्हणाली, "बाबा, फेरीत मी चालवते, पण तुम्ही कुणाला काही बोलू नका." मी म्हटलं, आता बोलण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलंच नाही.

शुक्रवारबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहितो. तुम्ही टोपी हातात घेऊन दुकानाच्या मधोमध उभे राहिलात आणि एका दमात सांगितलंत, मला गाडी चालवता येत नाही, दिवा मी लावून बघितलाच नव्हता, वस्तादांची काही चूक नाही. पोरं खाली बघत होती. मला वाटलं होतं, तुमचं ऐकून माझं ओझं अर्धं होईल. उलट झालं. तुम्ही बोलत होतात आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता, गोधडीचा. तुम्ही खोटं लिहिलंत, बरोबर. पण डायनामो मागवून, यंत्रावर चढवून, मग बोलायला मला कुणी अडवलं होतं? धंद्याचा पहिला नियम आहे तो, आधी तपास, मग दोष. गिऱ्हाईकांना मी रोज ऐकवतो.

तुम्हाला स्टँडवर सोडून मी वस्तादांच्या घरी गेलो. तुम्ही बरोबर येतो म्हणालात आणि मी नको म्हटलं, कारण माझं मला एकट्यानं करायचं होतं. डायनामो पिशवीत घालून नेला. दोन खोल्यांचं घर आहे, खिडकीपाशी खाट. त्यांनी बसा म्हटलं. मला बसवेना. उभ्यानंच सगळं सांगितलं, तुमचं, माझं, लाखेच्या ठिपक्यांचं. पिशवीतून डायनामो काढून खाटेवर ठेवला. म्हटलं, दिवा लागला, वस्ताद. चांगला लागला.

त्यांनी डायनामो मांडीवर घेतला. बोटं खरंच कापतात हो, मला इतक्या जवळून कधी दिसली नव्हती. पण डायनामोवर टेकल्यावर थांबली. आस फिरवून बघितला, कानाशी नेला. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मग मी म्हटलं, या सगळ्यात एकच चूक खरोखर झालेली आहे आणि ती माझी. अ‍ॅमीटरच्या वायरी उलट्या राहिल्यात. कुणाला ठाऊक नाही, तुम्हाला सांगतो.

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "ठाऊक आहे मालक. मागच्या सीटवरून दिसत होतं. म्हटलं, चार माणसांत कशाला बोलायचं."

ते बोलले त्यात टोमणा नव्हता. माझे कान तेवढे तयार आहेत. टोमणा असता तर मी तो गुपचूप घेतला असता आणि हलका होऊन घरी आलो असतो.

म्हणजे बघा. त्या दिवशी बॉनेट उघडून, चहा निववत ते उभे होते ते हेच. स्वतःचा डायनामो नीट भरतोय याची खात्री करत होते, आणि माझी चूक झाकत होते. नंतर मी त्यांना सगळ्यांसमोर काय-काय बोललो ते तुम्हाला लिहिलंच आहे. त्या वेळी त्यांनी एक वाक्य टाकलं असतं, "मालक, आधी आपल्या वायरी बघा", तर मी जागच्या जागी बसलो असतो. टाकलं नाही.

दुकानात परत या म्हटलं. नाही म्हणाले. जमेल ते घरी आणून द्या, बघतो म्हणाले. तेव्हा आता मीच पिशवी घेऊन त्यांच्या दारात जाणार, आणि मागे लागून घाई करणार नाही.

तो डायनामो मात्र त्यांनी ठेवून घेतला नाही. म्हणाले, ज्या गाडीचा आहे त्या गाडीला लावा. फेरीच्या आदल्या दिवशी मी तो घेऊन येतो. दुसऱ्या दुकानाचा काढू, हा बसवू. अ‍ॅमीटरच्या वायरी तेव्हा बदलणार नाही. त्या सकाळी मैदानावर बदलेन, आयोजक आणि दुकानातली पोरं आजूबाजूला असताना, आणि कुणी विचारलं काय चाललंय, तर सांगेन. दोन मिनिटांचं काम आहे.

लेक चालवेल. शेजारी विहीणबाई बसू देत, त्यांनी या सगळ्यात एकट्यांनीच खरं बोललेलं आहे. तुम्ही आणि मी मागे. जावई मैदानावरून फोटो काढतील.

वस्तादांनाही या म्हटलंय. त्यांनी कधी आहे ते विचारलं. मागे तिघांना जरा दाटी होईल. तरी तुमच्या-माझ्या मधली जागा मोकळी ठेवू. तिथून काटा नीट दिसतो.

तुमचा,
व्याही